एआरटी चालू असताना जुलाब : थांबवायची गोळी कधी घ्यावी?

चौलमध्ये जुलाब लागले की आधी घरचा उपाय होतो, मग नाक्यावरच्या दुकानातून गोळी आणली जाते. बहुतेकांचे त्यावर निभावतेही. एचआयव्हीसाठी एआरटी घेणाऱ्याने मात्र गोळीआधी एक गोष्ट पाहायची असते : हे जुलाब जंतूंमुळे आहेत की नाहीत?

कारण लोपेरामाइडसारखी गोळी आतड्याची हालचाल मंदावते. ताप असेल, शौचात रक्त किंवा आव पडत असेल, तर ती घेऊच नये; जंतू आणि त्यांचे विष आतच अडकते. सीडी-४ पेशी २००च्या खाली असतील तर क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी किंवा आतड्याचा क्षयही कारण असू शकतो. म्हणून शौचाची तपासणी आधी.

संसर्ग नाही असे ठरल्यावर कारण बरेचदा औषधांतच सापडते. लोपिनावीर-रिटोनावीर ही जोडी जुलाबांसाठी प्रसिद्धच. सध्या सरकारी केंद्रांतून बहुतेकांना मिळणाऱ्या टेनोफोवीर, लॅमिवुडीन आणि डोलुटेग्रावीरच्या एकत्रित गोळीने हा त्रास बराच कमी होतो. पण त्याच रुग्णाला मधुमेहही असेल तर गंमत वेगळी. डोलुटेग्रावीरमुळे मेटफॉर्मिनचे रक्तातले प्रमाण वाढते, आणि मेटफॉर्मिनने जुलाब होतात हे तर सगळ्यांना माहीत आहे. या जोडीत मेटफॉर्मिन सहसा दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत. मधुमेहाच्या डॉक्टरांना एआरटीची कल्पनाच नसेल, तर हे कुणाच्या लक्षात येणार? गाव लहान, म्हणून माणूस सांगत नाही. ही भीती समजण्यासारखी आहे. पण एचआयव्ही-एड्स कायदा, २०१७ नुसार ही माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. निदान औषधाची चिठ्ठी तरी दाखवावी.

रिटोनावीर चालू असेल तर लोपेरामाइडचेही रक्तातले प्रमाण वाढते, आणि ते फार झाल्यास हृदयाचे ठोके बिघडतात. मनाने मात्रा वाढवू नये. अ‍ॅसिडिटीच्या अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या औषधांनी डोलुटेग्रावीर नीट शोषले जात नाही. ती घ्यायचीच तर डोलुटेग्रावीर त्यांच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर. शिवाय मॅग्नेशियमने जुलाब वाढतात ते वेगळेच.

खास याच त्रासासाठी क्रोफेलेमर हे औषध आहे. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या एका झाडाच्या लाल चिकापासून ते बनते. अमेरिकेच्या एफडीएने ३१ डिसेंबर २०१२ रोजी त्याला मान्यता दिली : १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, गोळी न चावता. ते आतड्यात पाझरणारे क्षार आणि पाणी रोखते, रक्तात जवळजवळ शोषलेच जात नाही, त्यामुळे एआरटीशी फारसे भांडत नाही. तरीही संसर्ग नसल्याची खात्री करूनच ते सुरू करावे, अशी सूचना त्याच्या माहितीपत्रकातही आहे.

तोवर ओआरएस, पाकिटावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात. टेनोफोवीर मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, त्यामुळे अंगातले पाणी कमी होऊ देणे इथे जास्त महागात पडते. एआरटी मात्र स्वतःहून थांबवू नये. डोस चुकत गेले की विषाणू औषधांना दाद देईनासा होतो. लघवी कमी झाली, चक्कर आली किंवा रक्त दिसले तर त्याच दिवशी अलिबागचे जिल्हा रुग्णालय गाठावे. नुसतीच शंका विचारायची असेल तर १०९७ ही हेल्पलाइन विनामूल्य आहे.