वैद्यकीय व्यवसायातील कायदेशीर जोखीम आणि डॉक्टर-रुग्ण संबंध : महाराष्ट्राच्या संदर्भात

प्रस्तावना :

एका पिढीपूर्वीपर्यंत डॉक्टर हा कुटुंबाचाच एक घटक मानला जात असे. घरातील तीन पिढ्यांच्या प्रकृतीची त्याला माहिती असे आणि त्याच्या शब्दावर सहसा शंका घेतली जात नसे. नागरीकरणाच्या वेगात हे नाते विरळ होत गेले. पनवेलजवळ सिडकोने विकसित केलेल्या करंजाडेसारख्या वसाहतीत हा बदल सहज लक्षात येतो. येथे राहावयास आलेली कुटुंबे निरनिराळ्या गावांतून आलेली, दवाखानेही नवे. आजार बळावला की रुग्ण पनवेल, कामोठे किंवा मुंबई येथील मोठ्या रुग्णालयात हलविला जातो. उपचाराला अनेक हात लागतात. परंतु नातेवाइकांशी जबाबदारीने बोलणारी व्यक्ती मात्र अनेकदा सापडत नाही. अशा परिस्थितीत विश्वासाची जागा कायदा घेतो. म्हणूनच कायदा डॉक्टरांकडून नेमकी कशाची अपेक्षा करतो, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

१. काळजी घेण्याचे कर्तव्य :

या विषयातील पायाभूत निर्णय महाराष्ट्रातील आहे. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेत येथील समुद्रकिनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्यास पुण्यातील एका शल्यचिकित्सकाच्या रुग्णालयात दाखल करण्यात आले. तेथे पुरेशी भूल न देता, अतिरिक्त बळ वापरून हाड जागेवर बसविण्यात आले व त्या आघाताने रुग्णाचा मृत्यू झाला, असा निष्कर्ष न्यायालयांनी काढला. मृत तरुणाचे वडील स्वतः डॉक्टर होते, ही बाब लक्षणीय आहे. 'डॉ. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध डॉ. त्र्यंबक बापू गोडबोले' या नावाने प्रसिद्ध असलेल्या या खटल्याचा अंतिम निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २ मे १९६८ रोजी, म्हणजे घटनेनंतर सुमारे पंधरा वर्षांनी दिला. रुग्ण स्वीकारावा की नाही, कोणते उपचार द्यावेत आणि ते प्रत्यक्ष कसे द्यावेत, या तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरने वाजवी काळजी घेतली पाहिजे, असे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. येथे अपेक्षा सर्वोच्च कौशल्याची नसून वाजवी कौशल्याची आहे. रुग्ण बरा झाला नाही, एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही.

मात्र काही प्रसंगी वस्तुस्थितीच बोलते. तत्कालीन औरंगाबाद येथील शासकीय रुग्णालयात १९६३ साली शस्त्रक्रियेनंतर एका महिलेच्या पोटात टॉवेल राहून गेला व तिचा मृत्यू झाला. 'अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली राज्य शासनास भरपाईसाठी जबाबदार धरले. तेहतीस वर्षे चाललेल्या या वादातील भरपाईची रक्कम ३६,००० रुपये होती. विलंब व मनस्ताप यांची झळ दोन्ही पक्षांना पोहोचते, हे या दोन्ही खटल्यांवरून स्पष्ट होते.

२. ग्राहक संरक्षण कायदा :

१३ नोव्हेंबर १९९५ रोजी 'इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता' या निर्णयाने मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आली. सर्वांनाच विनामूल्य दिली जाणारी सेवा त्यातून वगळण्यात आली. २०१९ च्या नव्या कायद्यातील 'सेवा' या संज्ञेच्या व्याख्येत आरोग्यसेवेचा स्पष्ट उल्लेख नसल्याने डॉक्टर त्यातून मुक्त झाले, असा युक्तिवाद पुढे आला. तो मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये फेटाळला व २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका घेतली. नव्या कायद्यानुसार तक्रारदार आपल्या निवासाच्या जिल्ह्यात तक्रार दाखल करू शकतो. त्यामुळे करंजाडे येथील रुग्णाने मुंबईत उपचार घेतले असले, तरी तो रायगड जिल्हा आयोगाकडे अलिबाग येथे दाद मागू शकतो. त्यासाठी सर्वसाधारणपणे दोन वर्षांची मुदत आहे.

३. फौजदारी जबाबदारी :

'जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य' (२००५) या निर्णयाने दिवाणी व फौजदारी निष्काळजीपणातील सीमारेषा स्पष्ट केली. फौजदारी कारवाईसाठी निष्काळजीपणा ढोबळ स्वरूपाचा असावा, तपास अधिकाऱ्याने स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावे आणि डॉक्टरला सरसकट अटक करू नये, असे त्यात म्हटले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) नुसार वैद्यकीय प्रक्रियेदरम्यान निष्काळजीपणाने मृत्यू घडल्यास नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो; इतरांसाठी कारावासाची मर्यादा पाच वर्षे आहे.

४. संमती, नोंदी आणि संवाद :

आपल्याकडे शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर पती, वडील किंवा मुलाची सही घेण्याची प्रथा रूढ आहे. 'समीरा कोहली' खटल्यात (२००८) सज्ञान व सक्षम रुग्णाच्या वतीने, जिवाला तातडीचा धोका नसताना, नातेवाइकाने दिलेली संमती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. रोगाचे स्वरूप, उपचार, पर्याय व संभाव्य धोके रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगितल्यानंतरच संमती अर्थपूर्ण होते. इंग्रजी छापील कागदावर घेतलेली घाईची सही हा हेतू साध्य करीत नाही.

नोंदींचे महत्त्वही तितकेच आहे. २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेनुसार आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जतन करणे आणि मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत त्या उपलब्ध करून देणे बंधनकारक आहे. नोंदी देण्यास टाळाटाळ झाली की नातेवाइकांच्या मनातील शंका संशयात बदलते आणि संशयातून तक्रार जन्म घेते.

५. हिंसाचाराचा प्रश्न :

डॉक्टरांवरील हल्ले ही या तुटलेल्या नात्याची दुसरी बाजू होय. महाराष्ट्राने २०१० मध्ये विशेष कायदा करून असा हल्ला दखलपात्र व अजामीनपात्र ठरविला. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास, पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आणि मालमत्तेच्या नुकसानीच्या दुप्पट भरपाईची तरतूद आहे. तरीही मार्च २०१७ मध्ये धुळे येथे निवासी डॉक्टरवर गंभीर हल्ला झाला आणि राज्यभर निवासी डॉक्टरांनी काम थांबविले. केवळ शिक्षेची तरतूद पुरेशी ठरत नाही, हे यावरून दिसते.

निष्कर्ष :

१. कायदा डॉक्टरकडे यशाची हमी मागत नाही. वाजवी काळजी मागतो.

२. काळजी घेतल्याचा सर्वात भरवशाचा पुरावा म्हणजे वेळीच केलेली, खाडाखोड नसलेली नोंद.

३. संमती ही सही नसून प्रक्रिया आहे; ती मराठीत किंवा रुग्णाच्या भाषेत व्हावी.

४. रुग्ण अन्यत्र पाठविताना कारण, दिलेले उपचार व प्रकृतीची स्थिती लेखी कळवावी आणि नातेवाइकांशी एका जबाबदार डॉक्टरने बोलावे.

संमती, नोंद व संवाद या तिन्ही गोष्टी न्यायालयात डॉक्टरांचे संरक्षण करतात, हे खरे. परंतु त्यांचा मूळ हेतू रुग्णाला आपल्या आजाराविषयी जाणून घेण्याचा हक्क मिळवून देणे हा आहे. त्या हेतूने पाळल्या गेल्या, तर अनेक वाद न्यायालयाच्या पायरीपर्यंत पोहोचणारच नाहीत.