गरीब गाईचे पोलादी दात

लाकडाच्या वखारीत यंत्रांनाही स्वभाव असतात, असे मला नेहमी वाटत आले आहे. चकतीची करवत म्हणजे वर्गातले व्रात्य कार्टे! ती किंचाळते, पात्यात लाकूड अडकले की ते चालवणाऱ्याच्या अंगावर उलट फेकते. म्हणून तिच्याशी सारे जपून वागतात. पट्ट्याची करवत, म्हणजे आपले मिस्त्री ज्याला ‘बँडसॉ’ म्हणतात ते यंत्र, मात्र गरीब गाय समजले जाते. माझे म्हणणे असे की, याच समजुतीने बोटांचा घात होतो.

यंत्राची रचना साधी. एकावर एक दोन चाके, त्यांना रबराची धाव, आणि त्यांवरून माळेसारखा फिरणारा दातेरी पोलादी पट्टा. इंग्लंडात विल्यम न्यूबेरीने १८०९ साली त्याचे पेटंट घेतले. पण पट्ट्याचा सांधा टिकेना, आणि यंत्र अडगळीत पडले. पुढे १८४६ मध्ये फ्रान्समधील ॲन पॉलिन क्रेपँ या बाईंनी टोके पक्की जोडण्याची रीत शोधली. तिचा हक्क पॅरिसच्या पेरँ कंपनीने घेतला, आणि मग कुठे या करवतीचे नशीब उघडले!

तिचे गुण खरोखरच मोठे. पट्टा सतत खाली धावतो, त्यामुळे लाकूड टेबलावर दाबले जाते, उलट उडत नाही. तो पातळ असल्याने भुसा कमी पडतो. सागाच्या भावात हा फायदा लहान नव्हे. पट्टा अरुंद घेतला, तर खुर्चीची कमानही लीलया वळवून कापता येते.

परंतु हे दात मिनिटाला सुमारे ३,००० फूट, म्हणजे ताशी ५५ किलोमीटरच्या वेगाने धावतात! बटण बंद केल्यावरही चाके काही वेळ निमूटपणे फिरत राहतात, आणि नेमका तेव्हाच ढलपी उचलायला हात पुढे जातो. गोल लाकूड तर आणखी दगलबाज. आधाराची खाच नसेल, तर दात ते गरकन फिरवतात आणि त्याबरोबर बोटेही ओढतात. हातमोजे घालून काम करणाऱ्याचीही तीच गत.

यावर उपाय काय? पट्ट्यावरचा गार्ड लाकडापासून जेमतेम दोन सूत वर राहील इतका खाली आणावा, आणि शेवटचा तुकडा हाताने नव्हे, काठीने ढकलावा. मी कितीतरी वखारींत पाहिले आहे: लाकूड जाड-बारीक बदलत जाते, पण सकाळी वर चढवलेला गार्ड दिवसभर तिथेच! १९४८ च्या कारखाना कायद्याने यंत्रांचे धोक्याचे भाग झाकण्याची सक्ती केली. पण विजेवर चालणाऱ्या कारखान्यात किमान दहा कामगार असले, तरच तो सहसा लागू होई. चार माणसांच्या वखारीत कायद्याचे काम मिस्त्रीलाच करावे लागते.

खंडेनवमीला आपण या यंत्राला हळदकुंकू आणि झेंडूचा हार वाहतो. ती पूजा वर्षातून एकदा. गार्ड खाली घेण्याची पूजा मात्र दर कापाला करावी, आणि नव्या पोराला करवत हाती देण्याआधी तीच शिकवावी.