वीज गेली तर अंडी वाचतात, पण चंद्रपूरच्या उन्हात?

घरी इन्क्युबेटर लावणाऱ्यांना धास्ती असते ती वीज जाण्याची. पण तासाभराचा गारवा अंड्यातलं पिल्लू सहसा सोसतं. घात करते ती उष्णता. कोंबडीच्या अंड्यांना २१ दिवस साधारण ३७.५ अंश सेल्सिअस तापमान लागतं. साध्या पेटीतला थर्मोस्टॅट फक्त बल्ब चालू-बंद करतो, पेटी थंड करत नाही. चंद्रपूर, गडचिरोलीत मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला, की पत्र्याखालच्या खोलीत बल्ब बंद असूनही अंडी तापतात. ४०-४१ अंश काही तास टिकले, तरी पिल्लू दगावू शकतं. आतल्या पाण्याच्या वाटीवर भिस्त नको. ती ओलाव्यासाठी असते. पेटी घरातल्या सगळ्यात गार, जमल्यास कवेलूच्या खोलीत हलवा. नाहीतर सरळ पाऊस पडेपर्यंत थांबा.