बिननंबरी बोट

दौंड तालुक्याच्या उत्तरेची आणि पूर्वेची हद्द भीमा आखते. शिरूर शहराला तर तिथल्या नदीवरूनच घोडनदी हे दुसरे नाव मिळाले आहे. या दोन्ही नद्यांच्या पात्रांत गेली कित्येक वर्षे एक कारवाई नेमाने होते. तहसीलदार, मंडल अधिकारी, तलाठी आणि पोलीस पात्रात उतरतात, वाळू उपसणाऱ्या फायबर बोटी आणि सेक्शन बोटी पकडतात आणि जिलेटिनच्या कांड्या लावून उडवतात किंवा जागेवरच पेटवून देतात. दुसऱ्या दिवशी बातमी छापून येते: इतक्या बोटी, इतके लाख. काही महिन्यांनी त्याच काठावरून तशीच बातमी पुन्हा येते. याचा दोष कोणी अधिकाऱ्यांच्या ढिलाईला देतात, कोणी वाळूवाल्यांच्या हिमतीला. पण कारणाचा मोठा भाग खुद्द त्या बोटीत आहे. जळालेली बोट दुरुस्त होते, आणि दुरुस्त होऊन पाण्यात उतरली की ती कालचीच बोट आहे हे सांगणारी एकही खूण तिच्यावर नसते. तिला नंबर नाही. जिला ओळखच नाही ती वस्तू जाळून नष्ट केली, हे म्हणणे कागदापुरतेच खरे ठरते.

आधी यंत्र समजून घेऊ. सेक्शन बोट म्हणजे तरंगता पंप. लोखंडी तराफ्यावर डिझेल इंजिन, बहुतेकदा ट्रकमधून उतरवलेले, आणि त्याला जोडलेला जाड पात्यांचा पंप. पंपाचा पाइप पात्राच्या तळाशी सोडतात, इंजिन सुरू झाले की वाळू पाण्यासकट वर ओढली जाते आणि दुसऱ्या पाइपातून काठावर किंवा शेजारच्या फायबर बोटीत पडते. तिथून पुढचे काम जेसीबीचे आणि हायवाचे. या रचनेत एक गोष्ट महत्त्वाची आहे. वाळू ही पंपाची शत्रू आहे. ती पंपाच्या आतला इंपेलर आणि त्याभोवतीचे कवच सतत घासून पातळ करते, त्यामुळे कोणी कारवाई करो वा न करो, हे यंत्र कायम दुरुस्तीलाच आलेले असते. ज्याला ते चालवायचे आहे त्याच्याजवळ सुटे भाग, वेल्डर आणि मिस्त्री आधीपासून हाताशी असावेच लागतात. म्हणजे ज्या दिवशी बोट जळते त्या दिवशी तिला पुन्हा उभी करणारी यंत्रणा नव्याने शोधावी लागत नाही.

आता फायबरची बोट पेटते तेव्हा नेमके काय जळते ते पाहू. फायबर म्हणजे काचेच्या तंतूंची मॅट आणि तिला घट्ट धरून ठेवणारे पॉलिएस्टर रेझीन. आग लागली की रेझीन जळते, काच जळत नाही. साधारण तीनशे अंश सेल्सिअसच्या पुढे रेझीनचे विघटन होऊन त्याचा वायू पेटतो आणि काळा, डोळ्यांना झोंबणारा धूर निघतो. मागे राहतात ते पांढरट, मऊ, चुरगळलेल्या कापडासारखे काचेचे थर. बघणाऱ्याला वाटते की बोट संपली. पण बोट तरंगत असताना पेटली असेल तर ती फक्त पाण्याच्या रेषेपर्यंत जळते. रेषेखालच्या भागाला नदीचे पाणी लागलेले असते, तो तापतच नाही. आणि बोटीचा तळ हाच तिचा सर्वांत जाड, सर्वांत मेहनतीचा भाग असतो. जिलेटिनचा स्फोट याहून भारी असतो हे खरे. तो बोटीचे कवच फाडतो, थर एकमेकांपासून सुटे करतो. तरी स्फोटाच्या जागेपासून दूरचे टोक बऱ्याचदा शाबूत राहते.

अशा कवचाची दुरुस्ती जगभर एकाच रीतीने होते. जाणता कारागीर आधी लहान हातोडीने कवचावर टकटक करत जातो. निरोगी भाग खणखणीत वाजतो, आतून सुटलेला भाग बद्द आवाज देतो. काळवंडलेल्या जागेच्या पलीकडेही हात लावून पाहावे लागते, कारण पॉलिएस्टर शंभर अंशांच्या आतच मऊ पडू लागते आणि वरचा रंग नुसता पिवळसर झाला असला तरी आतली ताकद गेलेली असू शकते. मग बद्द वाजणारे सगळे कापून काढायचे, कडा ग्राइंडरने उतरती करायची. जाडीच्या बारा पट लांब उतार देण्याचा दंडक आहे, म्हणजे एक सेंटीमीटर जाडीला बारा सेंटीमीटर. त्या उतारावर मॅटचा एकेक थर हार्डनर मिसळलेल्या रेझीनमध्ये भिजवून, रोलरने हवेचे बुडबुडे काढत बसवायचा आणि शेवटी जेलकोट. हे काम चोख केले तर जोड मूळ कवचाच्या जवळपास ताकदीचा होतो. पात्रातल्या वाळूसाठी इतके चोख काम कोणी करणार नाही, पण त्याची गरजही नाही. बोटीला दहा वर्षे टिकायचे नसते, पुढच्या पावसाळ्यापर्यंत तरंगायचे असते. लोखंडी तराफ्याचे तर याहून सोपे: वाकलेला पत्रा कापा, नवा वेल्ड करा. इंजिनाचा ओतीव ब्लॉक साध्या आगीला दाद देत नाही. नळ्या, वायरिंग, सील, गॅस्केट जातात, फार ताप असेल तर अॅल्युमिनियमचे भाग वितळतात. डिझेल इंजिनाला ठिणगीची विद्युतयंत्रणा नसते, त्यामुळे ते पुन्हा चालू करणे पेट्रोल इंजिनापेक्षा सोपे. आणि नाहीच झाले तर भंगार बाजारात दुसरे मिळते.

परदेशातही जळालेल्या बोटी विकत घेऊन उभ्या करणारे लोक आहेत. अमेरिकेत स्की बोट, म्हणजे पाण्यावर माणसाला दोरीने ओढत नेणारी वेगवान बोट, इंजिनाच्या कप्प्यात पेटली की विमा कंपनी पैसे देऊन मोकळी होते आणि तो सांगाडा लिलावात काढते. हौशी माणूस तो घेतो आणि हिवाळाभर खपून दुरुस्त करतो. तंत्र तेच, मॅट आणि रेझीन तेच. फरक एकच आहे. १ नोव्हेंबर १९७२ पासून तिथे बांधल्या जाणाऱ्या प्रत्येक बोटीच्या कवचात मागच्या बाजूला बारा अक्षर-अंकांचा नंबर कायमचा कोरलेला असतो. तो कोणी बांधली, कितवी आणि केव्हा, हे सांगतो. जळालेली बोट दुरुस्त होऊन पुन्हा पाण्यात आली तरी तो नंबर तिच्या मागे राहतो, आणि काही राज्यांत मालकीच्या कागदावर ती कधीकाळी भंगारात निघाली होती अशी नोंदही. पुनर्जन्म झाला तरी नाव बदलत नाही.

आपल्याकडे ट्रकला हे सगळे आहे. वाळू वाहणारा हायवा पकडला तर चेसिस नंबर, इंजिन नंबर, मालक, कर्ज देणारी बँक, सगळे काही मिनिटांत समोर येते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ खाली विनापरवाना काढलेल्या गौण खनिजाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड करता येतो आणि यंत्रसामग्री व वाहने जप्त करता येतात. हा दंड ट्रकमालकाला चिकटतो, बोटीला चिकटत नाही, कारण बोटीचा मालकच सापडत नाही. पथक येताना दिसले की बोटीवरचे मजूर, बहुतेक परराज्यांतले, पाण्यात उड्या टाकून पलीकडचा काठ गाठतात. भीमेवर तो काठ अनेक ठिकाणी दुसऱ्या जिल्ह्यातल्या श्रीगोंदा किंवा कर्जत तालुक्याचा असतो. २०१५ मध्ये झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले यांच्यासाठीच्या १९८१ च्या स्थानबद्धतेच्या कायद्यात वाळूतस्करही घालण्यात आले. कायदा कडक आहे, पण त्याला माणूस लागतो, आणि बोट माणसापर्यंत पोचवत नाही. उरते ती एक बेवारस वस्तू, म्हणून ती जाळायची.

या जाळण्याच्या बाजूने जे बोलले जाते त्यात तथ्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. रात्री पात्रात चार-सहा माणसे गेलेली असतात. क्रेन नदीत उतरत नाही. टनावारी लोखंड काठावर ओढून, ट्रेलरवर चढवून तहसील कचेरीपर्यंत आणायचे, तिथे पहारा ठेवायचा, हे दर वेळी जमणारे नाही. महसूल कर्मचाऱ्यांवर हल्ले होतात, अंगावर वाहने घातली जातात. अशा वेळी बोट जागेवर निकामी करणे हाच शहाणपणा. पण निकामी कोणता भाग करायचा, हा प्रश्न उरतोच. कवच जाळण्यापेक्षा इंजिनाचा ब्लॉक आणि पंपाचे कवच फोडणे कितीतरी परिणामकारक आहे. जिलेटिन तिथेच लावावे. आग फायबरला लावली तर पैशाचे नुकसान होते, यंत्राचा जीव जात नाही, आणि काचेचे तुकडे व अर्धवट जळलेले रेझीन पाण्यात राहते. भीमेचे हे पाणी पुढे उजनीच्या फुगवट्यात जाते. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या त्या धरणावर सोलापूरची तहान भागते, आणि दौंड-इंदापूरच्या काठांवरची मच्छीमार कुटुंबे त्याच पाण्यात जाळी टाकतात. काच कुजत नाही.

दुसरा आक्षेप असा येतो की आर्थिक फटका हीच जरब आहे. हा हिशेब वाळूच्या भावासमोर टिकत नाही. २०२३ च्या धोरणाने सरकारी डेपोतून ६०० रुपये ब्रासने वाळू द्यायचे ठरवले, तेव्हा खुल्या बाजारात तीच वाळू हजारांच्या भावाने विकली जात होती. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. पुणे, पिंपरी-चिंचवड, रांजणगाव, कुरकुंभ इथे सतत बांधकाम चालू आहे आणि या नद्या त्याच्या जवळ आहेत. या फरकातून बोट किती लवकर सुटते हे कोणीही कागदावर मांडून पाहावे. सरकारने पुढे, २०२५ मध्ये, डेपोंची पद्धत सोडून लिलाव परत आणले आणि दगड फोडून केलेल्या कृत्रिम वाळूला उत्तेजन दिले. ते योग्यच आहे, मागणी वळवल्याशिवाय नदी वाचणार नाही. पण भाव उतरेपर्यंत बोट जळणे हा वाळूवाल्याच्या धंद्यातला चालू खर्च आहे.

आणि खरे नुकसान बोटीचे नसते, पात्राचे असते. वाळूचा थर पावसाळ्याचे पाणी धरून ठेवतो आणि काठच्या विहिरींना हळूहळू सोडतो. तो काढला की पात्रात खड्डे पडतात, काठ ढासळतात, शेतकऱ्याची जमीन पुरात नदीत जाते. शिरूर तालुक्यातले इनामगाव घोड नदीच्या काठी आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले आणि तीन हजार वर्षांहून जुन्या शेतकऱ्यांची वस्ती, पाणी वळवण्यासाठी केलेल्या पाटासह, उजेडात आणली. इतका काळ या नदीकाठी माणूस राहू शकला तो नदी पाणी धरून ठेवत होती म्हणून. बोट दुरुस्त करता येते. उपसलेला थर परत आणण्याची कोणतीही मॅट किंवा रेझीन नाही.

मग नंबर द्यायचा कसा? अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ ने यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या जलयानांची नोंदणी आणि सर्वेक्षण सक्तीचे केले आहे. ही सक्ती फक्त प्रवासी बोटीपुरती समजली जाते, आणि तिथेही ती किती पाळली जाते याचा धडा २१ मे २०२४ ला मिळाला, जेव्हा कुगाव आणि कळाशी यांच्यामधल्या उजनीच्या पाण्यात वादळात बोट उलटून सहा जण बुडाले. म्हणतील की वाळूचोर कधी नोंदणीला येणार आहे का? नाही येणार. पण नोंदणीचा उपयोग चोराने नियम पाळावा यासाठी नाही. मच्छीमाराची, पक्षी दाखवणाऱ्याची, तरीची बोट नंबराची झाली की बिननंबरी बोट पाण्यात असणे हाच गुन्हा ठरतो, आणि साच्यावर कवच ओतून देणारा कारखानाही नंबराला बांधला जातो. मच्छीमारावर याचा एक पैशाचाही बोजा पडता कामा नये. नोंदणी तलाठ्याने गावात येऊन, फुकट करून द्यावी.

याहून लवकर करता येण्याजोगी एक गोष्ट आहे, तिला नवा कायदा लागत नाही. ट्रकमधून आलेल्या प्रत्येक इंजिनाच्या ब्लॉकवर कारखान्यातच नंबर ठोकलेला असतो आणि तो परिवहन कार्यालयाच्या दप्तरात एका ट्रकच्या नावावर चढलेला असतो. पण कारवाईच्या बातम्यांत सहसा फक्त बोटींची संख्या आणि किंमत येते. जिलेटिन लावण्याआधी ब्लॉकवरचा चिखल पुसून तो नंबर पंचनाम्यात लिहिला आणि फोटो काढला, तर ट्रक कोणाचा होता, त्याने इंजिन कोणाला विकले, त्या भंगारवाल्याने पुढे कोणाला दिले, ही साखळी पोलिसांच्या हातात येते. नंबर घासून टाकतील, असे कोणी म्हणेल. घासलेला नंबर हाच संशयाचा पहिला पुरावा आहे, आणि ठोकताना खालच्या धातूवर पडलेला ताण आम्ल लावून पुन्हा उठवण्याची, निदान काही अंक वाचण्याची पद्धत न्यायवैद्यक प्रयोगशाळांत जुनी आहे. हेच इंजिन दुसऱ्या वेळी दुसऱ्या बोटीवर सापडले, तर बोट पुन्हा उभी कोणी केली हे विचारायला तहसीलदाराकडे पहिल्यांदाच एक नाव असेल.