मुलांचा दुखरा खुबा : सोनोग्राफी आणि कलर डॉपलर काय सांगतात?

आदल्या दिवशी हुंदडणारे मूल सकाळी लंगडते किंवा पाय टेकायलाच नको म्हणते. मूल गुडघ्यावर हात ठेवते, म्हणून आपण गुडघ्याला तेल चोळतो. पण खुब्याचे दुखणे पुष्कळदा मांडीत किंवा गुडघ्यात जाणवते. त्यामुळे लंगडणाऱ्या मुलाचा खुबा तपासायलाच हवा.

रक्तपुरवठ्याला महत्त्व का?

खुबा हा उखळीचा सांधा आहे. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातील खोबणीत बसतो. या माथ्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या हाडाच्या मानेवरून, सांध्याच्या आतून जातात. सांध्यात पू साचून दाब वाढला तर त्या दबू शकतात. पर्थेस या आजारात माथ्याचा रक्तपुरवठा कमी होऊन हाडाचा भाग निर्जीव होतो. हा आजार साधारण ४ ते ८ वर्षांच्या वयात, आणि मुलींपेक्षा मुलग्यांत चार-पाच पट जास्त आढळतो. सिकल सेल आजारातही असे नुकसान होते. विदर्भात आणि नंदुरबार भागात हा आजार आढळतो, म्हणून घरात कोणाला असल्यास डॉक्टरांना जरूर सांगा.

सोनोग्राफीत काय दिसते?

सांध्यात पाणी साचले आहे का, हे सोनोग्राफीत चांगले कळते. दोन्ही बाजू तपासून तुलना करतात. दुखऱ्या बाजूचे आवरण २ मिलिमीटरपेक्षा जास्त फुगलेले असेल तर पाणी आहे असे समजतात. कलर डॉपलरमध्ये वाहते रक्त रंगीत दिसते. लाल म्हणजे शुद्ध आणि निळे म्हणजे अशुद्ध रक्त, असा त्याचा अर्थ नाही. रक्त यंत्राच्या दिशेने येते की दूर जाते, एवढेच ते रंग दाखवतात. सांध्याच्या आवरणात रक्तप्रवाह वाढलेला दिसला तर तिथे दाह आहे असे कळते.

काय दिसत नाही?

साचलेले पाणी साधे आहे की पू, हे सोनोग्राफीवरून खात्रीने सांगता येत नाही. डॉपलर नॉर्मल असला तरी सांध्यात पू असू शकतो. शंका असेल तर सुईने पाणी काढून तपासावे लागते. शिवाय ध्वनिलहरी हाडाच्या आरपार जात नाहीत, त्यामुळे माथ्याच्या आतला रक्तपुरवठा डॉपलरवरून ठरवता येत नाही. त्यासाठी एमआरआय लागतो. पर्थेसच्या सुरुवातीला एक्स-रेसुद्धा नॉर्मल येऊ शकतो. दहा वर्षांपुढील, विशेषतः वजन जास्त असलेल्या मुलांत माथा मानेवरून सरकलेला असू शकतो. तिथे एक्स-रे आवश्यकच आहे.

तपासणी कशी होते?

मुलाला उताणे झोपवून जांघेवर थंड जेल लावतात आणि यंत्र फिरवतात. उपाशी राहावे लागत नाही, भूल लागत नाही, क्ष-किरण नसतात. दुखऱ्या पायावर दाब नकोसा वाटतो, म्हणून आई किंवा वडिलांनी जवळ बसावे.

घरी काय, रुग्णालयात कधी?

सर्दी-खोकल्यानंतर खुब्याला येणारी तात्पुरती सूज हे ३ ते १० वर्षांच्या मुलांत नेहमीचे कारण आहे. आराम आणि डॉक्टरांनी दिलेल्या वेदनाशामक औषधाने ती एक-दोन आठवड्यांत बरी होते. चोळणे, ओढणे, शेकणे टाळा.

ताप आहे आणि मूल पाय टेकत नाही, पाय हलवताच किंचाळते किंवा मलूल पडले आहे, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयात न्या. सांध्यात पू झाला असेल तर एका दिवसाची दिरंगाईही महागात पडू शकते. लंगडणे दोन आठवड्यांनंतरही राहिले किंवा पुन्हा सुरू झाले, तर आधीचा रिपोर्ट नॉर्मल होता म्हणून थांबू नका. जुने रिपोर्ट घेऊन हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.