टाके भरले, ठोक्यांचे काय?

धाराशिव जिल्ह्यातल्या अंगणवाड्यांमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते. ते मुलांचे वजन-उंची मोजते, ओठ-नखे निळी दिसतात का ते पाहते, छातीला स्टेथोस्कोप लावते. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या या कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळकरी मुलांची एकदा तपासणी ठरलेली आहे. संशय आला की टू-डी इको, गरज पडली तर मोठ्या शहरात शस्त्रक्रिया. हजार जन्मांमागे साधारण आठ-नऊ बाळांच्या हृदयात जन्मतः दोष असतो, त्यामुळे हा शोध मोलाचाच आहे. पण ‘ऑपरेशन झालं, पोर बरं झालं’ एवढ्यावर घरचे निर्धास्त होतात, तिथे उपचार अर्धाच झालेला असतो. ठोक्यांच्या लयीवर पुढे वर्षानुवर्षे लक्ष ठेवणे हा त्याच उपचाराचा उरलेला भाग आहे आणि त्याची सुरुवात तालुक्याच्या रुग्णालयातच व्हायला हवी.

कारण हृदयाच्या रचनेतच आहे. वरच्या कप्प्यांतून खाली जाणारी विजेची वाट दोन खालच्या कप्प्यांमधल्या छिद्राच्या अनेकदा अगदी कडेने जाते. छिद्र बुजवताना तिला इजा झाली, तर ठोके मंदावतात. बहुतेकदा काही दिवसांत ती सावरते, नाही तर पेसमेकर बसवावा लागतो. फॅलोट्स टेट्रालॉजी या जन्मजात हृदयदोषाच्या शस्त्रक्रियेनंतरचा धोका उशिरा उगवतो. फुप्फुसाकडची झडप गळत राहून उजवा कप्पा ताणला जातो आणि वीज व्रणाभोवती फिरू लागली की ठोके बेफाम धावतात. अशा रुग्णांच्या ईसीजीत क्यूआरएसची, म्हणजे खालच्या कप्प्यांत वीज पसरल्याच्या खुणेची, रुंदी १८० मिलिसेकंद किंवा अधिक असेल तर जीवघेण्या लयबिघाडाचा धोका वाढतो, हे लंडनच्या डॉक्टरांनी १९९५ मध्ये दाखवले. नेहमीच्या वेगाने काढलेल्या ईसीजीच्या पट्टीवर ही रुंदी साडेचार मिलिमीटर भरते. म्हणजे साध्या मोजपट्टीनेही पहिला इशारा मिळू शकतो.

यावर आक्षेप येतील. लयबिघाड येतो-जातो, मग काही सेकंदांच्या पट्टीत तो सापडणार कसा? नेमका झटका सापडेलच असे नाही, पण रुंदावत गेलेला क्यूआरएस किंवा लांबलेले पीआर अंतर (वीज वरून खाली पोचण्याचा वेळ) जुन्या पट्टीशी ताडून दिसते. धडधड, चक्कर असेल तर २४ तास ठोके नोंदवणारा होल्टर लावता येतो. दुसरा आक्षेप तज्ज्ञांचा. उमरगा किंवा परंड्यात बालहृदयतज्ज्ञ कुठून आणायचा? पट्टी काढायला तो लागत नाही आणि अर्थ लावण्यासाठी तिचे छायाचित्र दूरच्या तज्ज्ञाला पाठवता येते. तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे: सारख्या तपासण्यांनी घरचे धास्तावतील, पोराला खेळूच देणार नाहीत. पण धास्ती माहिती नसण्यातूनही येते. काय खेळावे, हे तपासणीनंतर डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, तर उगाच घातलेली बंधने सुटतात. धावताना शुद्ध हरपली, तर मात्र उन्हाला किंवा उपवासाला दोष न देता मुलाला तातडीने दवाखान्यात न्यावे.

या कार्यक्रमाची वयोमर्यादा १८ आहे, लयबिघाडाला तशी मर्यादा नाही. उलट टेट्रालॉजीतला धोका वयासोबत वाढतो. म्हणून शस्त्रक्रियेचे नाव, सुट्टीचा कागद आणि प्रत्येक ईसीजीची प्रत घरच्या फाइलमध्ये राहिली पाहिजे. कॉलेजला किंवा कामाला परगावी जाणाऱ्या मुलाबरोबर ती फाइलही गेली पाहिजे, कारण नव्या गावातल्या डॉक्टरला तुलनेसाठी दुसरे काहीच मिळणार नाही.