हर्मेटिक ग्रंथ आणि आजचा साधक

इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकाच्या सुमारास, रोमन अमलाखालील इजिप्तमध्ये, ग्रीक भाषेत काही छोटेखानी संवादग्रंथ रचले गेले आणि त्यांचे कर्तृत्व हर्मीस ट्रिस्मेजिस्टस, म्हणजे ‘तिहेरी थोर हर्मीस’, या गुरूच्या नावावर घातले गेले. ग्रीकांचा देवांचा निरोप्या हर्मीस आणि लेखनविद्येचा इजिप्शियन देव थोथ या दोन दैवतांच्या एकरूपतेतून ही व्यक्तिरेखा आकाराला आली होती. या ग्रंथांपैकी सतरा ग्रीक प्रकरणे आज ‘कॉर्पस हर्मेटिकम’ या संग्रहात वाचायला मिळतात, तर ‘अस्क्लेपियस’ हा मोठा संवाद त्याच्या लॅटिन रूपात पूर्णपणे टिकून आहे. त्यांतील विचाराला हर्मेटिक तत्त्वज्ञान म्हणतात. आजच्या साधकाला त्याचा उपयोग काय, या प्रश्नाचे उत्तर मात्र त्याच्याभोवती साचलेली गूढतेची पुटे बाजूला सारल्यावरच सापडते.

ही पुटे चढली ती प्राचीनतेच्या मोहातून. १४६० च्या सुमारास एका भिक्षूने मॅसिडोनियातून आणलेले या ग्रंथांचे हस्तलिखित फ्लॉरेन्सच्या कोसिमो द मेदिची याच्या हाती आले, तेव्हा त्याने मार्सिलिओ फिचिनो या विद्वानाला प्लेटोच्या भाषांतराचे काम थांबवून आधी हर्मीस लॅटिनमध्ये आणण्यास सांगितले. १४६३ साली पूर्ण झालेले हे भाषांतर १४७१ मध्ये छापले गेले. हर्मीस हा मोझेसच्या काळातला ऋषी आणि प्लेटोचाही पूर्वसूरी होय, अशी त्या काळच्या विद्वानांची श्रद्धा असल्यामुळे सिएना येथील कॅथेड्रलच्या संगमरवरी फरशीवरही त्याला मानाचे स्थान मिळाले. पुढे १६१४ मध्ये आयझॅक कझॉबोन या भाषापंडिताने शब्दकळा आणि शैली यांच्या आधारे दाखवून दिले, की ही ग्रीक भाषा ख्रिस्तोत्तर काळातली असून हे ग्रंथ इतके जुने असणे शक्यच नाही. कालनिर्णयाचा हा आघात इतका मोठा होता, की ग्रंथांचे वयच नव्हे तर त्यांचे मोलही संपले, असे विद्वज्जन धरून चालले. हा निष्कर्ष घाईचा होता. एखाद्या साधनामार्गाचे मोल त्याच्या वयावर ठरत नसते, ते त्या मार्गाने जाणाऱ्याच्या अंतःकरणात काय पालट होतो यावर ठरते, आणि नेमक्या याच बाबतीत हे ग्रंथ समृद्ध आहेत.

‘पोइमान्द्रेस’ या पहिल्या प्रकरणात मनुष्य दुहेरी असल्याचे सांगितले आहे: देहाने तो मर्त्य आहे, पण त्याच्यातील ‘नूस’, म्हणजे तर्कबुद्धीच्याही पलीकडे जाऊन सत्याचे थेट दर्शन घेणारी प्रज्ञा, ईश्वरी अंशाची आहे. मृत्यूनंतर जीव सात ग्रहांच्या कक्षांमधून वर जातो आणि प्रत्येक कक्षेत आपला एकेक दोष परत करत जातो: एका ठिकाणी वासनेचा भुलावा, एका ठिकाणी सत्तेचा अहंकार, एका ठिकाणी धनाची हाव, आणि शेवटच्या कक्षेत दबा धरून बसलेले असत्य. ही विश्वरचना टॉलेमीच्या काळातली आहे आणि आजच्या खगोलशास्त्राने ती केव्हाच मोडीत काढली आहे. तिच्यातील नैतिक क्रम मात्र आजही विचार करायला लावतो, कारण सत्ता आणि संपत्ती यांचा मोह सुटल्यावरही स्वतःशी चाललेली फसवणूक शिल्लक राहते, हे ज्याने ओळखले त्याने मनुष्यस्वभाव जवळून न्याहाळला असला पाहिजे.

तेराव्या प्रकरणात हाच पालट मृत्यूनंतर नव्हे, तर जिवंतपणीच घडतो. हर्मीसचा मुलगा आणि शिष्य तात ‘पुनर्जन्म’ म्हणजे काय ते विचारतो. येथे या शब्दाचा अर्थ देहांतर असा नसून याच देहात होणारा आंतरिक नवा जन्म असा आहे. गुरूची उत्तरे कोड्यासारखी वाटू लागतात, तेव्हा आपल्याला परक्याच्या मुलासारखे वागवले जात आहे, अशी तक्रारही तो करतो. मग हर्मीस अज्ञान, शोक, असंयम, लोभ, कपट, मत्सर, क्रोध अशा बारा पीडकांची नावे घेतो आणि ईश्वरज्ञान, आनंद, संयम, न्याय, सत्य इत्यादी दहा शक्ती येताच ते कसे पळ काढतात, हे सांगतो. षड्रिपूंची कल्पना ज्याच्या वाचनात आहे, त्या मराठी वाचकाला ही यादी मुळीच अनोळखी वाटणार नाही. दोन परंपरांचा परस्परसंबंध मात्र त्यावरून सिद्ध होत नाही.

या साधनेचे स्वरूप सर्वांत स्पष्टपणे दिसते ते ‘अस्क्लेपियस’च्या शेवटी. उपदेश संपतो, सूर्यास्ताची वेळ होते आणि मंडळी प्रार्थनेला उभी राहतात. तेव्हा हर्मीसचा शिष्य अस्क्लेपियस हळूच तातला सुचवतो, की प्रार्थनेबरोबर धूप आणि सुगंधी द्रव्येही अर्पण करावीत, असे वडिलांना सांगावे. ते कानी पडताच हर्मीस त्याला थांबवतो, कारण ज्याला कशाचीच उणीव नाही त्याला धूप अर्पण करणे त्याच्या दृष्टीने अनुचित आहे आणि कृतज्ञता हाच खरा धूप आहे. त्यानंतरच्या प्रार्थनेत ही माणसे धन, आयुष्य, सिद्धी यांपैकी काहीही मागत नाहीत. लाभलेल्या ज्ञानात आपण टिकून राहावे, एवढीच त्यांची याचना आहे. प्रार्थना झाल्यावर सर्वजण शुद्ध, मांसरहित भोजन करतात.

हीच प्रार्थना ग्रीक भाषेतील एका मांत्रिक पपायरसमध्येही आढळते, आणि १९४५ साली वरच्या इजिप्तमधील नाग हम्मादीजवळ सापडलेल्या कॉप्टिक ग्रंथसंग्रहाच्या सहाव्या पोथीतही ती आहे. त्याच पोथीत सात ग्रहकक्षांच्या वरच्या आठव्या आणि नवव्या स्तराविषयीचा संवाद आहे, त्यात गुरुशिष्य एकमेकांना आलिंगन देतात आणि शिष्य मौनातच स्तवन करतो. या शोधानंतर, आणि गार्थ फाउडन यांच्या १९८६ च्या ‘द इजिप्शियन हर्मीस’ या ग्रंथानंतर, हे लेखन म्हणजे निव्वळ तात्त्विक चर्चा नसून त्यामागे प्रत्यक्ष आचरली जाणारी साधना असावी, हे मत बळावले.

आजचा जिज्ञासू मात्र बहुधा ‘कायबॅलियन’ वाचून सात तत्त्वे पाठ करतो आणि तेच प्राचीन हर्मेटिक ज्ञान असल्याचे समजतो. ते पुस्तक १९०८ साली शिकागोत प्रसिद्ध झाले. विल्यम वॉकर अ‍ॅटकिन्सन हाच त्याचा लेखक असल्याचे सामान्यतः मानले जाते, आणि याच अ‍ॅटकिन्सनने ‘योगी रामाचारक’ या नावाने योगावरची पुस्तकेही लिहिली. मनःशक्तीने परिस्थिती आपल्याला हवी तशी वळवण्याची त्या पुस्तकातील ओढ आणि काहीही न मागणारी ती सायंप्रार्थना यांत मोठे अंतर आहे.

मूळ ग्रंथांत विसंगतीही आहेत. एका ठिकाणी जग दुष्टतेने भरलेले म्हटले आहे, तर दुसरीकडे तेच ईश्वराची सुंदर प्रतिमा ठरते. त्यांबरोबरच साधनेचे पाठही आहेत: अकराव्या प्रकरणात आत्म्याला भारतात जाण्याची आज्ञा केली, तर तो आज्ञेच्याही आधी तेथे पोचते, असे सांगून चित्ताच्या विस्ताराचा अभ्यास करायला लावला आहे. या ग्रंथांकडून एकसंध सिद्धान्ताची अपेक्षा धरणारा वाचक निराश होईल, परंतु गुरुशिष्यांच्या संवादातून स्वतःचे दोष ओळखू पाहणाऱ्याला त्यांत भरपूर सामग्री मिळेल. अशा वाचकाने सात तत्त्वांची पुस्तके बाजूला ठेवून ब्रायन कोपेनहावर यांचे १९९२ साली प्रसिद्ध झालेले सटीप इंग्रजी भाषांतर घ्यावे आणि पहिले प्रकरण, तेरावे प्रकरण व ‘अस्क्लेपियस’चा शेवट एवढे तरी सावकाश वाचावे.